पिशवी घरी ठेवून

आमच्या घरात सध्या स्पॅनिश शिकणं चालू आहे. मी नव्हे, आमचे हे. ते बँकेतून निवृत्त झाल्यावर मुक्तानं, म्हणजे माझ्या भाचीनं, त्यांच्या फोनमध्ये भाषा शिकवणारं एक ॲप टाकून दिलं. तेव्हापासून आमच्या डहाणूच्या दूधवाल्याला रोज सकाळी 'ओला', म्हणजे त्यांच्यातला नमस्कार, ऐकून घ्यावा लागतो. दूधवाला बिचारा गुजराती. तो हसतो आणि "बोलो काका, केटलुं?" असं विचारून माप पुढे करतो.

गेल्या दिवाळीत मुक्ता माझ्या मागे लागली. "मावशी, तूही एक भाषा निवड. उपयोगाची नको हं. नुसती मजा म्हणून. त्या लोकांची गाणी, सण, खाणंपिणं, सगळं कळतं त्यातून." आणि तिनं यादी वाचायला सुरुवात केली. जपानी, कोरियन, फ्रेंच, इटालियन. मी चष्मा लावून ती यादी खालपर्यंत पाहिली.

"मला हवी ती नाहीये यात," मी म्हटलं.

"कुठली हवीय?"

"कैनाडच्या पाड्यांवरची."

मुक्ता हसायलाच लागली. "अगं, ती तर तुला येते! तीस वर्षं तिकडेच होतीस ना?"

येते कुठली, कपाळ! मला तिच्यातले जुलाब येतात, ताप येतो, पोट फुगणं येतं, दूध आटणं येतं. गाय कधी व्याली, शेळी किती दिवस चरली नाही, हे येतं. पण त्याच अंगणातल्या दोन बाया एकमेकींच्या कानाशी लागून हसायला लागल्या, की मी बावळटासारखी त्यांच्याबरोबर हसत उभी. हे मुक्ताला काय सांगणार! विषय बदलला, चकल्या पुढे केल्या. पण रात्रभर काही ते डोक्यातून गेलं नाही.

मी पशुधन पर्यवेक्षक होते. हे नाव ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही, म्हणून सांगते. गुरांच्या सरकारी दवाखान्यात मोठे डॉक्टर एकच असतात, आणि त्यांच्या हाताखाली पाड्यापाड्यांवर फिरणारी माणसं असतात, ती आम्ही. लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, गाईचं कृत्रिम रेतन करायचं, अडलेली शेळी मोकळी करायची, बैलाचं खच्चीकरण करायचं. पदवीनं आम्ही डॉक्टर नाही, पण खेड्यात पदवी कोण विचारतो? खांद्याला काळी रेक्झिनची पिशवी आणि हातात लसीचा बर्फाचा डबा, की झाला डॉक्टर. मी बाई, म्हणून डाक्टरीणबाई. खच्चीकरणाला बाई आली म्हटल्यावर पुरुष मंडळी जरा लांबच उभी राहायची. चिमटा मी बैलाला लावत होते आणि तोंडं त्यांची वाकडी होत होती.

मी मूळची माणदेशातली. आमच्याकडची जनावरं धिप्पाड आणि माणसं मोठ्या आवाजाची. डहाणू-तळासरीला नेमणूक झाली तेव्हा वाटलं, जनावर इथून तिथून सारखंच, त्यात काय शिकायचंय? तो माज कैनाडच्या एका बैलानं पहिल्याच पावसाळ्याआधी उतरवला.

फऱ्याची लस टोचायला गेले होते. फऱ्या म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणारा रोग, चांगलं तरणं जनावर एका दिवसात जातं, म्हणून लस आधी टोचायची. बैल छोटासा, तांबडा, पण खुंट्याभोवती असा गरगर फिरायला लागला की सुई मारायची कुठे? मी आपली आमच्याकडच्या सवयीनं "होऽऽ हो! उभा ऱ्हा की रं!" म्हणून ओरडतेय, आणि मी ओरडले की तो दुप्पट फिरतोय. ओट्यावर एक बाई भाजी निवडत बसली होती. तिनं भाजी बाजूला ठेवली आणि पोट धरून हसत सुटली.

"शिव्या देतेस काय त्याला?" ती म्हणाली. "त्याला काय कळंल तुझं? तो आमच्यातला."

ती उठली, बैलाच्या मानेवर हात ठेवला, जीभ टाळूला लावून दोनदा 'टक् टक्' केलं आणि मग घशातून खूप खालचा 'ऊंऽऽ' असा आवाज काढला. बैल थांबला. नुसता थांबला नाही, डोळे मिटून उभा राहिला. मी सुई मारून मोकळी झाले तरी त्याचं लक्षच नाही.

ही लाडकी. तेव्हा पन्नाशीची असेल. वारली घरातली, चार एकर भात आणि थोडी नागली करणारी. तोंडाची फटकळ, माझ्यासारखीच. त्यांच्यात लहानथोर कुणालाही 'तू'च म्हणायची पद्धत, त्यामुळे मी सरकारी दवाखान्याची असले तरी तिला 'तू'च. मी पिशवी आवरली आणि म्हटलं, "तो आवाज परत काढ की."

"कशाला?"

"मला शिकायचाय."

"तुला पगार देतात काय त्याचा?"

"नाही. मजा म्हणून."

हे ऐकल्यावर आजूबाजूच्या चार बाया गोळा झाल्या. माझी जीभ टाळूला लागेना, घशातून 'ऊं' निघायच्या ऐवजी खोकलाच निघे. दहाएक वेळा केल्यावर बैलानं मान काही वळवली नाही, पण एक कान हलवला. बायांनी टाळ्या पिटल्या! दवाखान्याच्या रजिस्टरला त्या दिवशी माझ्या नावावर लसीकरण तेवढं आहे. पण मी एसटीत बसून डहाणूपर्यंत तोंडातल्या तोंडात तो आवाज घोळवत आले. शेजारची बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली.

तिथून नादच लागला. कोंबड्यांना बोलवायचा आवाज वेगळा, शेळी हाकलायचा वेगळा, वासराला थोपटताना करायचा वेगळा. घराघरात थोडा थोडा बदल. घोलवडला चिकूच्या एका वाडीत म्हैस दूध सोडत नव्हती. मालकीणबाई रडकुंडीला आलेल्या. मी तपासलं, म्हैस ठणठणीत. चौकशी केली तेव्हा कळलं, दूध काढणारा जुना माणूस गावी गेला, नवा आलेला गडी परमुलखातला आणि मुका बसून धार काढणारा. जुना माणूस धार काढताना तिच्याशी गुजरातीत सुखदुःखाच्या गप्पा मारायचा. मी मालकीणबाईंना म्हटलं, "औषध नाही काही. तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि बोला." त्या लाजल्या. पण दुसऱ्या दिवशी निरोप आला, बादली भरली म्हणून. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. सासूबद्दलच असणार.

तर सांगायचं काय, जनावरांची भाषा मी पोटभर शिकले. माणसांच्या भाषेपाशी मात्र एक चूक करून बसले, आणि ती शिकल्यासवरलेल्या माणसालाच सुचू शकते. मी एक शंभरपानी वही घेतली.

मला वाटलं, रीतसर शिकावं. लाडकीच्या अंगणात संध्याकाळी चारपाच बाया बसलेल्या असायच्या, जाळी विणल्यासारखं बोलणं चाललेलं असायचं, एकीचं संपायच्या आत दुसरीचं. मी जाऊन बसले, वही उघडली, पेन काढलं. अंगण गप्प झालं. मी म्हटलं, "बोला की!" तर एकदम सगळ्या मराठीत आल्या. "हो बाई." "नाही बाई." "कसं काय बाई, बरं आहे ना?" मी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला की बाजारातला मराठी शब्द हातावर ठेवायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. पंधरा मिनिटांत अंगण रिकामं.

लाडकी एकटी उरली. म्हणाली, "आमच्या दारात वही घेऊन कोण येतं, ठावं आहे? जंगलवाला येतो, रेशनवाला येतो, माणसं मोजणारा येतो. वही दिसली की आम्ही मराठी बोलतो. तुझी पिशवी दिसली तरी मराठीच बोलतो. पिशवी दिसली की आम्हाला आमची शेळी आठवते, तू आठवत नाहीस."

"मग शिकू कशी?"

"रिकामी ये."

किती सोपं! आणि मला ते कधी जमलं नाही. कारण मी कैनाडला जायचे ते कामावरच जायचे. सुटीच्या दिवशी घर, मुलं, ह्यांची बँक, पाणी भरणं. रिकामं येणं म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हतं.

मग लाडकीनंच मला वाट करून दिली. त्यांच्यात लग्न लावायला भटजी नसतो, बाई असते. तिला धवलेरी म्हणतात. ती गात गात लग्न लावते, आणि त्या गाण्यात धान्य कुठून आलं, देवी कुठून आली, पहिलं लग्न कसं झालं, ही सगळी कथा असते. लाडकी आसपासच्या पाड्यांची धवलेरी होती. तिच्या पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा ती मला म्हणाली, "बैलाचं शिकलीस, शेळीचं शिकलीस, आता माणसाचं शिक. त्या दिवशी माझ्या शेजारी चटईवर बस. मी म्हणेन, मागून बाया उचलतील. तू त्यांच्या तोंडाकडं बघ आणि उचल. दहा वर्षांत शिकणार नाहीस तेवढं एका दिवसात शिकशील. पण पिशवी घरी ठेवून ये."

मला किती आनंद झाला होता, सांगता येत नाही. धवलेरीच्या शेजारची जागा कुणा परक्याला कोण देतं? मी नवी साडी काढून ठेवली.

लग्नाच्या दिवशी सकाळी जवळच्याच पाड्यावर शेळ्यांच्या लसीकरणाचं शिबिर लागलं. मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. शिबिर उरकलं तर उन्हं चढलेली, डहाणूला जाऊन पिशवी ठेवून परत यायचं म्हणजे लग्न हातचं जाणार. म्हटलं, पिशवीचं काय एवढं! कोपऱ्यात ठेवू. नवी साडी राहिली घरी, मी निघाले औषधाच्या वासाच्या साडीतच, खांद्याला पिशवी लटकवून.

मांडवाच्या कडेलाच एकानं गाठलं. "डाक्टरीणबाई, देवासारख्या आलात. माझी शेळी दोन दिवस उठत नाही." म्हटलं, पाच मिनिटांत बघून येते. त्याची बघते तोवर दुसरा उभा. लग्नाला पाचसहा पाड्यांवरची माणसं जमलेली, ज्यानं त्यानं पिशवी पाहिली आणि ज्याला त्याला आपापलं जनावर आठवलं. मांडवामागच्या चिंचेखाली माझा दवाखानाच सुरू झाला. शेवटी एक शेळी आणली, पहिलटकरीण, करडू आडवं आलेलं. हात घालून फिरवायला लागले तेव्हा मांडवातून लाडकीचा आवाज यायला लागला. पुढे तिचा एकटीचा, मग मागून बायांचा. मी कोपरापर्यंत रक्तानं माखलेली, कान तिकडे आणि बोटं इकडे. दोन करडं निघाली, दोन्ही जगली. त्याचा मला आजही अभिमान आहे, खोटं कशाला बोलू?

हात धुऊन मांडवात गेले तेव्हा पानं वाढत होते. लाडकीच्या शेजारी चटईवर एका माणसाची जागा तशीच रिकामी. एक पोरगी म्हणाली, "आजीनं कुणाला बसू दिलं नाही तिथं."

मी म्हटलं, "लाडकी, आले गं."

"तू कुठं आलीस," ती म्हणाली. "डाक्टर आली."

मला रागच आला! "मग काय शेळी मरू द्यायची होती?"

"नाही. शेळी जगली ते चांगलंच झालं," ती शांतपणे म्हणाली. "पण मी तुला बोलावलं होतं."

मी पुढच्या लग्नाला येईन म्हटलं. पुढच्या लग्नाला लाळ्या-खुरकूत आला, म्हणजे जनावरांच्या तोंडात फोड येतात आणि खूर सडतात, तो. त्याच्या पुढच्याला निवडणुकीची ड्युटी. मग माझं काम तळासरीच्या पलीकडच्या गावांत गेलं. वाणगावच्या बाजारात एकदा लाडकी भेटली, तेव्हा मी म्हटलं, "निवृत्त झाले की नक्की." ती नुसती हसली. निवृत्त झाले, तर ह्यांचं ऑपरेशन, मग माझे गुडघे. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही खरं नाही. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. जिथं आपल्यासाठी जागा धरून ठेवली होती तिथं इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडानं जायचं?

पण मुक्ताच्या त्या यादीनं माझी झोप घालवली. चूल पेटवताना, भाजी आणताना, मध्येच मला ते चिंचेखालून ऐकलेलं गाणं आठवायचं, चाल आठवायची आणि शब्द एकही नाही. इतकी हुरहूर मला माहेर सोडतानाही लागली नव्हती. दिवाळी उलटली आणि एका सकाळी मी ह्यांना म्हटलं, "मी कैनाडला चाललेय."

"कशाला?"

"भाषा शिकायला."

"आदिओस," आमच्या ह्यांनी स्पॅनिशमध्ये निरोप दिला.

पिशवी नेली नाही. पर्ससुद्धा नेली नाही, रुमालात रिक्षाचे पैसे बांधले आणि निघाले. खांदा हलका वाटेल असं वाटलं होतं. हलका कसला, उघडा वाटत होता. सारखा हात तिकडे जायचा.

लाडकीचं घर आता स्लॅबचं झालंय, पण अंगण तेच, सारवलेलं. नात चैती बाहेर आली. ती घोलवडला रोपवाटिकेत कलमं बांधायला जाते, त्या दिवशी तिची सुटी होती. म्हणाली, "आजीला आता दिसत नाही. गाणं पण बंद झालंय, घसा गेला पूर्ण. पण बसा ना तुम्ही, मॅडम."

लाडकी ओट्यावर चटईवर बसली होती. केवढीशी झाली होती! मी म्हटलं, "लाडकी, मी आले. डाक्टरीणबाई."

तिनं मान वर केली. "या बाई, बसा," ती मराठीत म्हणाली. "चैती, बाईंना खुर्ची दे."

चैतीनं लाल प्लास्टिकची खुर्ची आणली. साहेबांसाठी ठेवतात ती. इतकी वर्षं फिरून मी पुन्हा खुर्चीवर! मी खुर्ची सरकवली आणि कडाकडा गुडघे वाजवत खाली बसले. मग जीभ टाळूला लावली, टक् टक् केलं आणि घशातून खालचा 'ऊंऽऽ' काढला.

लाडकीचा चेहरा माझ्याकडे वळला.

"तो बैल कधीच मेला गं," ती म्हणाली.

मग तिनं हात पुढे केला. माझा उजवा खांदा चाचपला, मग डावा. तिथून खाली मांडीपर्यंत, बाजूच्या चटईपर्यंत. "पिशवी?"

"घरी आहे."

ती जराशी सरकली. चटई लहानच होती, तिनं मला निम्मी दिली. आणि बोलायला लागली. तिच्या बोलीत. माझ्यासाठी एक शब्द मराठीत आणला नाही. घसा बसलेला, मध्ये मध्ये धाप लागत होती, पण ती थांबेना. मला धान्य कळलं, नदी कळली, कुणीतरी बाई कुणाच्या तरी दाराशी उभी आहे एवढं कळलं. बाकी सगळं माझ्या अंगावरून वाहून जात होतं. डोळ्यांना पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. तिला कुठे दिसत होतं!

चैती माझ्या कानाशी आली. "लग्नातलं गाणं आहे. गाता येत नाही ना, म्हणून बोलून सांगतेय."

"ती बाई कोणाच्या दारात उभी आहे?"

"मला पण नाही कळलं, मॅडम. आजीचं जुनं बोलणं आहे. मी कधी बसलेच नाही ऐकायला." आणि तीही खाली बसली.

तेवढ्यात कुंपणापाशी शेजारचा एक गृहस्थ उभा राहिला. हातात दोरी, दोरीला शेळी. बातमी पोचली होती. "डाक्टरीणबाई! किती वर्षांनी! जरा हिचा पाय बघता का, लंगडतेय."

आणि काय सांगू, माझं मन काही ठरवायच्या आत माझे गुडघे उठायला लागले. इतक्या वर्षांची सवय ती. मी अर्धी उभी झालेसुद्धा. लाडकी बोलायची थांबली. रागावली नाही, काही नाही. तिनं फक्त माझ्या जागेवर हात ठेवला, त्या दिवशी मांडवात ठेवला असेल तसा.

मी खाली बसले. बसता बसताच त्याला विचारलं, "चरतेय का?"

"चरतेय की."

"मग घाई नाही. उद्या दवाखान्यात न्या, नवे डॉक्टर चांगले आहेत."

"नुसतं बघून तर घ्या!"

"आज नाही हो," मी म्हटलं. "आज मी शिकायला आलेय."

तो शेळीकडे बघत, माझ्याकडे बघत निघून गेला. त्याला वाईट वाटलं असेल. मलाही वाटलं. लंगडणारी शेळी समोरून जाताना मी आयुष्यात पहिल्यांदा बसून राहिले होते.

लाडकीनं हात मागे घेतला. मला वाटलं, संपलं. मग ती चैतीला काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"म्हणते, मध्येच तुटली. तुटलेली कथा तिथूनच पुढे सांगत नाहीत. आता पहिल्यापासून सांगावी लागेल. तुम्हाला उशीर होईल, म्हणते."

"तिला म्हणावं, मला कुठे जायचंय?"

चैतीनं सांगितलं. लाडकीनं पाण्याचा घोट घेतला, घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी पहिलं वाक्य मला कळलं.